चौदा नंबरची जर्सी

सॅस्कटून,
२० जानेवारी १९८६

ती. नस्तियाताईस,
धाकट्या ओरेस्टचा शि. सा. न. वि. वि.

सात जानेवारीच्या आपल्या नाताळाचं तुझं कार्ड आणि खसखशीचा रोल, दोन्ही मोटेलवर पोचले. रोल टपालात चेपला होता, पण चवीला धक्का लागला नव्हता. मोटेलवाल्यानं एक तुकडा मागितला. मी दिला नाही.

गेले एकोणीस दिवस मी रोज एका गावात, रोज एका बर्फावरच्या हॉकीच्या रिंकमध्ये, करपट कॉफीचा पेला धरून पोरं बघतोय. जूनमध्ये मोठे संघ यातली अठरा वर्षांची पोरं निवडणार. त्याआधी आमच्या साहेबांना कोण कामाचा आणि कोण भंगार हे मी सांगायचं. यंदा सगळंच भंगार आहे, ताई. उत्तरेकडचा एक सहा फूट चार इंचांचा बाप्या आहे. खेळाची रबरी चकती पायाशी आली की तो तिच्याकडे असा बघतो, जणू कुणी परकं मूल आणून त्याच्या मांडीवर ठेवलंय. दुसरा फार चपळ म्हणून ऐकलं होतं. कुंपणाशी कुणी अंगावर आलं की तो डोळे मिटून घेतो. तिसऱ्याला एका बातमीदारानं विचारलं, तुझ्यात उणं काय आहे, तर म्हणे मी जरा जास्तच मेहनत करतो. मी वहीत लिहिलं की याला खोटंही धड बोलता येत नाही.

त्यात आमच्या धंद्यात पिंडर नावाचा एक नवा पारखी उगवलाय, दुसऱ्या संघाचा. गळ्यात मोजपट्टी. पोरांची मनगटं मोजतो, आयांना त्यांची उंची विचारतो, एकेका पोराला सहा-सहा वेळा बघतो आणि जो बोलवेल त्याच्याकडे जेवतो. सहा वेळा! मला एकदा पुरतं. तीस वर्षं मी सगळ्यात वरच्या कोपऱ्यात बसतो, हातात खेळाडूंच्या नंबर-नावांची छापील पत्रिका आणि पेन्सिल. कुणाशी बोलायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही.

तुझ्या लेव्कोचं लिहिलंस. नात्यातलं पोर माझ्या यादीत कधी आलं नाही आणि येणार नाही. ८ फेब्रुवारीच्या सामन्याला तुमच्याकडे येतोय, नजर पडली तर पडली. घरी मात्र येणार नाही. ज्या घरचा पोरगा खेळतो त्या घरी पारख्यानं पाणीसुद्धा प्यायचं नसतं, हे तुला मी सांगायला नको.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, कमी मात्र करू नये.

तुझा,
ओरेस्ट


स्टोनी बेंड,
२९ जानेवारी १९८६

चि. ओरेस्टला,
नस्तियाचे अ. उ. आ.

पाणी पिऊ नकोस. इथं कुणी पेला घेऊन तुझ्या मागे धावत नव्हतं. माझ्या रोमानच्या मातीला आला होतास त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हा लेव्को माझ्या खांद्याला लागत होता, आता स्वयंपाकघरात शिरताना मान वाकवतो. एकदा दार वाजवलं असतंस तर तुलाही कळलं असतं, मोजपट्टीवाचून.

मला शिफारस नको आहे, नीट वाच. पोटॅशच्या खाणीत वायरमनच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लेव्कोला जागा देऊ केलीय. एक मार्चच्या आत कागदावर सही करायची. सही केली की हॉकी संपली, कारण तिथं सगळ्या पाळ्या संध्याकाळच्या. तो म्हणतो, एकदा मामाला बघू दे. मामा म्हणाला जमणार नाही, तर सही करतो. बाप गेल्यापासून तुझ्या शब्दाला तो फार मानतो. का मानतो ते देव जाणे. मी त्याला सांगितलं की लहानपणी तुझ्या मामाला कळपात आपली गाय ओळखता येत नसे, शेजाऱ्यांची हाकून आणायचा. तरी ऐकत नाही.

तेव्हा बघ आणि खरं ते लिही. त्याचा नंबर चौदा. सोळा वर्षं मी या संघाच्या जर्सी शिवतेय, धुतेय. सामना चालू असताना सुई-दोरा घेऊन बाकाच्या मागेच उभी असते. आलास तर निदान हात कर.

कळावे. लोभ आता कार्डापुरताच उरलाय, तेवढा तरी जपावा.

तुझी,
नस्तिया


रेजायना,
११ फेब्रुवारी १९८६

ती. नस्तियाताईस,
ओरेस्टचा शि. सा. न. वि. वि.

शनिवारी सामना पाहिला. वाटेत वादळानं गाठलं, संघानं दिलेली गाडी बर्फात रुतली, त्यामुळे पोचेपर्यंत दहा मिनिटांचा खेळ झाला होता. निघालोही लवकर, गर्दीत अडकायला नको म्हणून. हात करायचा राहिला.

खरं लिही म्हणालीस, तर मन घट्ट कर. तुझा चौदा नंबर हा खेळाडूच नाही. गवताची भरलेली गाडी वळावी तसा वळतो. दोनदा आपल्याच गड्यावर जाऊन आदळला. चकतीपासून लांब राहायची त्याची धडपड मात्र बघण्यासारखी होती, तेवढी मेहनत घेतो. आणि कुडकुडत होता, ताई! बर्फावर खेळायला उतरून थंडी वाजणारं पोर मी तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. तू म्हणतेस तशी उंचीही काही नाही. आयांचा अंदाज असाच असतो. खाणीत पाठव त्याला. खाणीचं नुकसान होईल, पण हॉकीचं टळेल.

आता बहीण म्हणून एक गुपित सांगतो. त्याच संघात सत्तावीस नंबरचा पोरगा आहे, पत्रिकेत नाव कर्ट वीबे. ताई, मी उठून उभा राहिलो. मी कधी उभा राहत नाही. मान वर ठेवून खेळतो, चकती कुठं येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. एकानं त्याला कुंपणावर चिरडला. उठला, हसला आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच गड्याकडून चकती काढून घेऊन गोल केला. अख्ख्या पिकातलं हे एकच दाणेदार कणीस. त्याच संध्याकाळी साहेबांना लिहून टाकलं, पहिल्या फेरीत हाच घ्या, माझी तीस वर्षं पणाला लावतो. पिंडरला पत्ताच नाही. तो खाली पॉपकॉर्नवाल्या म्हातारीशी गप्पा झोडत होता.

लेव्कोला सांभाळून सांग. खरं बोलणाऱ्यावर लोभ ठेवणं जड जातं, तरी ठेवावा.

तुझा,
ओरेस्ट


स्टोनी बेंड,
१७ फेब्रुवारी १९८६

चि. ओरेस्टला,
अनेक आशीर्वाद. या वेळी ते तुला लागतील.

तुझं पत्र मी आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग लेव्कोच्या हातात दिलं. सांभाळून सांगायची वेळच आली नाही.

ऐक आता. त्या दिवशी सामन्याआधीच्या सरावात लेव्कोच्या नाकावर स्टिक बसली आणि चौदा नंबर रक्तानं माखला. तशा जर्सीत मी काही त्याला बर्फावर सोडणार नव्हते. कर्ट वीबे तापानं घरी पडला होता, त्याचा सत्तावीस नंबर खुंटीवर होता, तो मी लेव्कोला चढवला. अर्ध्या संघाला फ्लू झालेला. म्हणून पलीकडच्या गावातून दानिलो नावाचं सोळा वर्षांचं पोर ऐन वेळी बोलावलं होतं. बाकी आजाऱ्यांच्या जर्सी माझ्या घरी शिवायला पडल्या होत्या, त्याला एकही उरली नाही. मग चौदा नंबर गार पाण्यात खळबळला, पिळला आणि तसाच ओला त्याच्या अंगात घातला. म्हणून कुडकुडत होता. ही अदलाबदल भोंग्यावरून दोनदा सांगितली. तेव्हा तू बर्फातून गाडी काढत होतास.

म्हणजे खाणीत धाडलास तो दानिलो, आणि ज्याच्यासाठी उठून उभा राहिलास तो तुझा सख्खा भाचा. त्याच्या नाकात कापसाचा बोळा होता, तोही तुला दिसला नाही. रिंकमध्ये कुणालाही विचारलं असतंस तरी कळलं असतं. त्या पॉपकॉर्नवाल्या म्हातारीनंसुद्धा सांगितलं असतं. पिंडरला तिनंच सांगितलं. तुला मात्र तोंड उघडायला लाज वाटते. शेजाऱ्यांचीच गाय आणलीस पुन्हा.

कर्टला तू कधी पाहिलेलंच नाहीस. मुलगा गुणी आहे, पण संघात त्याला मारामारीसाठी ठेवलाय, चकतीची त्याला अडचणच होते. परवा तुझ्या साहेबांचा त्याच्या घरी फोन आला. बापानं निवडीच्या दिवसासाठी त्याला सूट शिवायला टाकलाय.

तेव्हा साहेबांना आता खरं काय ते लिही. एक मार्च जवळ आलाय. हे केलंस तर लोभाचं बघू.

नस्तिया


रेजायना,
२२ फेब्रुवारी १९८६

ती. नस्तियाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं.

तूच विचार कर. सत्तावीस नंबर वीबे नव्हता, माझा भाचा होता, असं मी कळवलं तर साहेब काय समजतील? एक तर ओरेस्टचे डोळे गेले, नाहीतर बहिणीच्या पोरासाठी ओरेस्ट नाटक करतोय. तीस वर्षं मी सगळ्यांना हसत आलो, आता सगळे मला हसतील. पिंडरसुद्धा हसेल. त्यापेक्षा निवड होऊन जाऊ दे. वीबेला घेतलं तर घेतलं, दर साली अशी दहा पोरं चुकून घेतली जातात. लेव्कोचं नाव पुढच्या वर्षीही येऊ शकतं. त्याला म्हणावं, सही करू नकोस, तू फार चांगला आहेस असं मामा म्हणतो. फक्त तूर्त कुठं बोलू नका.

लोभ असेल तर एवढं कराल.

ओरेस्ट


स्टोनी बेंड,
२५ फेब्रुवारी १९८६

ती. ओरेस्टमामांस,
लेव्कोचा शि. सा. न. वि. वि.

आईनं तुमची पत्रं मला दिली. सत्तावीस नंबरबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी पाच वेळा वाचलं, खोटं कशाला सांगू. पण ज्या डोळ्यांनी तुम्ही ते पाहिलंत, त्याच डोळ्यांनी दानिलोलाही पाहिलंत. शुक्रवारी तो कोरड्या जर्सीत खेळला आणि दोन गोल केले. तुम्ही नव्हता. तुमचं एकदा बघून झालं होतं.

कर्ट हल्ली सराव संपल्यावर तासभर मागे थांबतो. मला म्हणतो, चकती नीट द्यायला शिकव, मोठे साहेब बघायला येणार आहेत. मी शिकवतो. त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. त्याला खरं सांगणं हे माझं काम नाही, मामा, आईचंही नाही.

खाणीचा कागद टेबलावर आहे. तुम्ही शनिवारच्या आत खरं सांगितलंत, तर मला चांगला म्हणणारा माणूस खरं बोलतो असं मी धरीन आणि सही करणार नाही. नाही सांगितलंत, तर तुमच्या चांगलं म्हणण्याला काय अर्थ आहे? मी खाणीत जाईन.

आपला लोभ मी चार वर्षं मागितला नाही. या वेळी मागतो.

लेव्को


रेजायना,
२८ फेब्रुवारी १९८६

चि. लेव्कोस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दुपारी आईला फोनवर सांगितलंच आहे, तरी लिहून देतो, म्हणजे तुझ्याकडे कागद राहील.

सकाळी आधी वीबेच्या घरी फोन केला. बापानं उचलला. तुमच्या मुलाला मी कधी पाहिलंच नाही, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, सूट काय, लग्नाकार्यात उपयोगी पडेल. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग साहेबांना फोन केला. जर्सी, नंबर, नातं, सगळं सांगितलं. साहेब हसले. कचेरीतल्या आणखी दोघांना बोलावून त्यांनी मला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. तेही हसले. दोन्ही पोरांची नावं यादीतून काढतो म्हणाले, आणि माझंही नाव काढलं. आमच्या संघाचं दार तुला माझ्यामुळे बंद झालं. मला त्याची फार लाज वाटते.

पण तू चांगला आहेस, लेव्को. तू कोण हे माहीत नसताना मी उठून उभा राहिलो होतो. तेवढं तरी खरं धर.

लोभ मागायला मला तोंड नाही.

तुझा मामा,
ओरेस्ट


स्टोनी बेंड,
२३ जून १९८६

चि. ओरेस्टला,
नस्तियाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मार्चपासून तुझी तीन कार्डं आली, तिन्हींवर फक्त हवामान. तुझ्याकडे थंडी किती हे विचारलं कुणी होतं?

शनिवारी निवड झाली. लेव्कोला सहाव्या फेरीत घेतलं, पिंडरच्या संघानं. पिंडरनं त्याला सात वेळा पाहिला, माझीही उंची मोजली आणि माझ्या हातच्या बटाटा भरलेल्या अकरा पिरोही खाल्ल्या. सहावी फेरी म्हणजे काही मोठं नाही हे तू सांगण्याआधी मीच सांगते. पण नाव पुकारलं तेव्हा त्यांनी ते बरोबर पुकारलं. लेव्कोनं सोडलेली खाणीतली जागा कर्टनं घेतली. मुलाखतीला तोच सूट घालून गेला होता. दानिलो विचारतो, तुझे मामा पुन्हा कधी येणार, मी आता कोरडा आहे.

तुझ्या साहेबांना मी दोन शब्द लिहिणार होते, पण लेव्को नको म्हणाला. मामानं फोन करून खरं सांगितल्याचा कागद माझ्याकडे आहे, तेवढा पुरे, असं म्हणाला. त्यानं तो आपल्या स्केटच्या पेटीत ठेवलाय.

आता तू कुणाचाच पारखी नाहीस. म्हणजे माझ्या घरी पाणी प्यायला तुला काही आडकाठी उरली नाही. रविवारी ये, पिरोही करतेय. बारावीसुद्धा असेल.

लोभ होताच, गाढवा. तुलाच तो दुसऱ्याचा वाटत होता.

तुझी,
नस्तिया

ता. क. लेव्को तुला बसथांब्यावर न्यायला येईल. उन्हाळा असला तरी चौदा नंबरची जर्सी घालून उभा राहतो म्हणालाय. तरीही जवळ जाऊन नाव विचार.