जानीची जोडलेली बोटं

२ फेब्रुवारी १९५९
आमच्या चिकूवाडीत कामाला येणाऱ्या कमळीची जानी पाच वर्षांची. उजव्या हाताची मधली दोन बोटं जन्मापासून जोडलेली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी डहाणूत येणारा मुंबईचा सर्जन ती सुटी करतो. या शनिवारी मी तिला नेणारच.

७ फेब्रुवारी
नेलं नाही. आधी इंग्रजीत रीतसर पत्र हवं. शाळेत आमच्या सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, चिठ्ठीशिवाय कुणाच्या दारी जाऊ नये. काय अक्षर होतं त्यांचं! पत्र अर्धं झालं.

२० फेब्रुवारी
कमळीला ऑपरेशन समजावलं. मांडीची कातडी काढून बोटांमध्ये लावतात. सांगता सांगता मलाच घेरी आली; ऊन फार. कमळी म्हणाली, बाय, कधी नेशील तं सांग. फार घाबरतात ही माणसं. धीराने घ्यायला हवं.

७ मार्च
पाय मुरगळला. चालता येतं, पण सर्जनसमोर लंगडत जाणं शोभत नाही.

१४ मार्च
कमळीची सासू बुधीबाई मुद्दाम वेवजीहून आली. म्हणाली, पावसाच्या आत कर, नायतर पोर चिखलात हात घालल, जखम पिकल. जूनला शाळाही आहे. पाटीवरची पेन्सिल हातातून निसटते. मी म्हटलं, घाबरू नका. ती म्हणाली, मी कुठं घाबरलीय? मानी म्हातारी.

४ एप्रिल, सकाळी १०
आम्ही तिघी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. स्पिरिटचा वास आला. जानीची छाती भरल्यासारखी वाटली, म्हणून परत आणलं. कमळी म्हणते, पोर शिंकलीसुद्धा नाही. तिला वैद्यकातलं काय कळतं?

२ मे
कमळी आठवडाभर कामाला नाही. पळाली! तीन महिन्यांची माझी मेहनत वाया.

१२ मे
चैत्या माळी सांगतो, कमळी तलासरीहून हायवेच्या बसने जानीला वलसाडला घेऊन गेली. ऑपरेशन झालंसुद्धा! मला न विचारता! उद्या तलासरीच्या डॉक्टरकडे टाके काढणार. धीर द्यायला कुणीतरी हवंच. मी जाणार.

१३ मे, संध्याकाळ
गेले. जानीचा डावा हात घट्ट धरला. कात्री दिसली, एवढं आठवतं. डोळे उघडले तेव्हा मी बाकावर आडवी. टाके निघाले होते, बोटं वेगवेगळी, आणि जानी कागदाने मला वारा घालत होती.

कमळीला विचारलं, वलसाडला जाताना मला का सांगितलं नाहीस?

म्हणाली, बाय, मी एकटी. पोरीला धरू का तुला?