शेक कायचा होता ते

३ फेब्रुवारी
लिहीन लिहीन म्हणत दिवाळीपासून वही कोरीच. बांगड्यांची पेटी घेऊन कधी मानोऱ्याचा बाजार, कधी कारंजा. फिरत राह्यलं की बरं वाटते. खरं कारण नागपूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन. पंधराव्या वर्षी कॅन्सर झाला, तिथंच छातीले मशीनचा शेक दिला, रेडिएशनचा. आता सव्वीस.
"शेक घेतलेलीनं दुखत नसलं तरी दरसाल छाती तपासायची, नसरीन. कधी येतेस?"
येते म्हटलं. गेली नाही.

५ फेब्रु.
वाशिमले बायांचं तपासणी शिबीर. नागपूरपेक्षा जवळ, म्हणून गेली. डॉक्टरबाईनं विचारलं, आधी काही आजार? तोंडातून निघालंच, टीबी होता. घरात तसंच ठरलेलं. अब्बा म्हणतात, कॅन्सरवालीच्या हातून नवरीचा चुडा कोण भरून घेईल?
"मग इतक्या लवकर कायले आलीस? चाळिशीनंतर ये."
सुटली! स्टँडवर भजे खाल्ले. एक बकरी केळीवाल्याच्या मागंच लागली होती, तेच पाहत बसली. गाडी गेली.

६ फेब्रु.
सिस्टर: "शेक घेतला ते सांगितलंस?" टीबी सांगितला म्हटलं.
"मग ती तपासणी तुझी नाही झाली, बाई. दुसऱ्याच पोरीची झाली."
शिबिराचा शेवटचा दिवस, परत गेली. "कॅन्सर होता. छातीले शेक दिला." जरा जोरातच निघालं. डॉक्टरबाईनं पेन ठेवला, हातानं तपासलं. डाव्या बाजूले बोटं थांबली. का मलेच वाटलं...
"नागपूरले एमआरआय कर. टाळू नको."
वळली तर रांगेत सुनंदाकाकू, आमच्याच किन्हीराजा गावच्या. त्यांच्या पोरीचा, पूजाचा, लग्नाचा चुडा मी भरणार. काकू माह्या तोंडाकडं नाही, हातांकडं पाहून राह्यल्या होत्या.

८ फेब्रु.
काकूचा फोन अब्बांनी घेतला. चुड्याले दुसरी बाई सांगितली म्हणे.
"बोल अजून जोरानं!" अब्बा. अम्मीचे हात पिठात तसेच.

१० फेब्रु.
उद्या एमआरआय. दुपारच्या गाडीनं निघायचं, पिशवी भरली. बोट सारखं डावीकडं जाते. गाठ का बरगडी, समजत नाही. अब्बा दारातच उभे. "लोक काय म्हणतील?" अम्मी म्हणते, "जाऊ द्या पोरीले." पह्यल्यांदाच बोलली.
गल्लीत कुत्रे भुंकून राह्यले. पाहते तर पूजा! हळद लागली की नवरी घराबाहेर पडत नाही. ही एकटी, तोंड पिवळं, मोकळे हात माह्यापुढं धरलेले. "चुडा तूच भर." अब्बा बाजूले सरकले...