‘नीलाक्षीपरिणय’ कोणत्या साली घडला?

कुंभकोणम, १२ जुलै १९५४

मीनाक्षी आत्यांनी संगीत नाटक लिहिले आहे. वय सत्तरीचे, राहणे तिरुविडैमरुदूरला, आणि आता नाटक. गोकुळाष्टमीला इथल्या विठ्ठलमंदिरात व्हायचे. नाव ‘नीलाक्षीपरिणय’. साल कुठेच नाही. पडदा उघडतो, राजवाडा दिसतो, सगळे गाऊ लागतात. कोणता राजा, कोणते शतक, पत्ता नाही. डोके फिरले. संकल्प: या नाटकाचा काळ मी ठरवणार. आमच्या गल्लीत हिस्टरीचा बी.ए. मी एकटा. आठवडा पुरे.

१५ जुलै, सकाळ

पहिला अंक वाचला. राजकन्येला स्थळ आले आहे, पण थोरला भाऊ असलेला दिवाण मुहूर्त काढू देत नाही. (राजकन्येचा भाऊ दिवाण कसा? आत्यांना कोण विचारणार.) दिवाण तपकीर ओढतो. तपकीर म्हणजे तंबाखू, तंबाखू म्हणजे फिरंगी आल्यानंतर. म्हणजे तंजावरच्या नायक राजांचा काळ. एका बैठकीत शतक काढले.

नाटक बसवतो व्यंकोबा, पितळी भांड्यांचा दुकानदार. त्यास सांगितले, दिवाणाला नायकांच्या वेळचे पागोटे हवे. म्हणाला, पागोटे आणून झाले. गाढव.

पंकजाने फिल्टरची कापी उशिरा आणली. नाटकात नीलाक्षी तीच आहे, म्हणून घरभर गात हिंडते. धाकटी बहीण असली तरी सव्विसाव्या वर्षी हे शोभत नाही.

२१ जुलै

दुसऱ्या अंकाने घात केला. दिवाण कापी पितो, आणि गार झाली म्हणून राजकन्येवर ओरडतो. नायकांच्या काळी कापी कुठली? म्हणजे नायकांनंतरच्या इथल्या भोसल्यांचे शेवटचे दिवस. पागोटे बदला, असा निरोप धाडला. 

तालमीला पेटी वाजवतात सेतू मास्तर. त्यांनी पंकजाला मागणी घालून दोन वर्षे होतील. मी नाही म्हटलेले नाही. पत्रिका एकदा पाहिली, पुन्हा पाहणार आहे. घाई कसली? बायकोचे, वत्सलेचे, गुडघे दुखतात, सकाळची कापी कोण करणार, याचाही विचार घरच्या कर्त्याने करायला हवा.

वत्सला म्हणाली, काळच हवा असेल तर आत्यांना विचारून या, बस जाते. तिला बजावले की लेखकाला विचारून इतिहास लिहीत नाहीत. बायकोला यातले काही कळत नाही.

३ ऑगस्ट

तिसऱ्या अंकात दिवाण रेल्वेचे टाइमटेबल पाहतो. राजवाड्यात. पुस्तक भिंतीवर फेकले. मग उचलले.

दिवाण म्हणतो, तमिळ पंचांगातल्या आडी महिन्यात लग्न नको, पुरट्टासीत नको, मार्गळीत तर नकोच. अगदी शास्त्राला धरून बोलतो. सबंध नाटकात शहाणा माणूस हा एकच, आणि व्यंकोबा त्याला विनोदी पात्र म्हणतो. तालमीत जाऊन सर्वांसमोर हे सुनावले. सेतू मास्तरांनी पेटी बंद केली. पंकजा खाली मान घालून हसत होती. निदान मला हसल्यासारखे वाटले. डोळे पुसत होती. सर्दी झाली असावी.

११ ऑगस्ट

देवळाच्या पंचांकडे रीतसर कम्प्लेंट केली: काळ ठरल्याशिवाय नाटक होऊ नये. पंचांनी विचारले, मग काळ कोणता? म्हटले, थोडी सवड द्या. त्यांनी मलाच प्रसाद देऊन वाटेस लावले. असल्या लोकांमुळे समाज मागे राहतो.

२२ ऑगस्ट

काल प्रयोग झाला. दिवाण बंद गळ्याचा काळा कोट घालून आला, वर पागोटे. माझ्याच कोटासारखा कोट. त्याने ‘पाहू, घाई कसली’ म्हटले आणि सारा मंडप वळून माझ्याकडे पाहू लागला. तज्ज्ञ म्हणून माझा अभिप्राय हवा असावा. उठून नमस्कार केला. हशा वाढला.

शेवटी आत्यांना साल विचारलेच. त्या म्हणाल्या, अरे मौळी, गेले वर्ष. तुझ्या घरची ओसरी. मी दाराशी बसून ऐकत होते.

आमच्या घरी राजवाडा नाही, असे मी म्हणालो.  पंकजा पुढे आली. म्हणाली, अण्णा, तुम्ही नाही म्हणाला असता तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही नाहीही म्हणत नाही.

तिला इतके बोलताना मी कधी ऐकले नव्हते. घरी येताना कोणी माझ्याबरोबर चालले नाही. आत्यांच्या इतिहासज्ञानाविषयी सविस्तर लिहिणार होतो. आज नको.

४ सप्टेंबर

सकाळी वत्सला ट्रंक बांधून तयार. आज पंकजाचे सेतू मास्तरांशी लग्न, आत्यांच्या घरी. मुहूर्त कोणता, कोणी काढला, मला का सांगितला नाही, असे ओरडून विचारले. ती म्हणाली, तुम्हांस सांगितला नाही, म्हणून तर ठरला.

मी येणार नाही असे ठणकावले. ती बरे म्हणाली. नीट ऐकले नसावे म्हणून पुन्हा ठणकावले. पुन्हा बरे म्हणाली. बस सुटता सुटता पकडली. जागा नव्हती, उभ्याने आलो.

अक्षता पडल्या. पंकजा पाया पडली तेव्हा आशीर्वाद आठवेना, डोक्यावर नुसता हात ठेवला. आता वराकडची पंगत बसते आहे. सांबार वाढायला माणूस कमी आहे, आत्या मला हाक मारताहेत. जातो.