फाटकातून डावीकडे

४ मार्च

इतके महिने तुला हात लावला नाही, वही, त्याबद्दल माफ कर. बदली, सामानाची बांधाबांध, घर शोधणं. सबबी पुष्कळ आहेत आणि एकही पटण्यासारखी नाही. असो. नव्या गावात आले आणि मजेत आहे.

घर म्हणजे अंगणाच्या कडेच्या दोन खोल्या. घरमालकीणबाईंना मी पहिल्याच दिवशी काकू म्हटलं आणि त्यांनी लगेच अगंतुगं सुरू केलं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी आहे म्हटल्यावर माझं नाव पडलं पाण्याची डॉक्टरीण. काका निवृत्त बसड्रायव्हर. त्यांना आता फारसं काही आठवत नाही. मी गाडीत बसले की तेही येतात, स्टिअरिंगवर मला बघून नाक मुरडतात, मग शेजारच्या सीटवर बसून हुकूम सोडतात: डबल बेल द्या, उशीर होतोय. मी तोंडाने टिंग टिंग करते. ते खूश, मीही खूश.

१० मार्च

नमुने आणायला जाणाऱ्यांनी गाडीत कॅमेरा बसवायचा, असा ऑफिसचा नियम आहे. दुकानात नेण्यापेक्षा स्वतःच केलं. डॅशबोर्डखालच्या फ्यूजपेटीतून वायर काढली, दुसरी बॉडीच्या बोल्टला आवळली, आणि कॅमेऱ्यापुरतं सॉकेट बसवलं. काकू टॉर्च धरून उभ्या. तुझ्या आईने मुलगी जन्माला घातली की वायरमन, असं त्यांनी विचारलं.

खरं तर सॉकेट किल्ली फिरवल्यावरच चालू व्हायला हवं. पण काकूंनी गळ घातली. ऑफिस जवळ असल्यामुळे मी चालत जाते, गाडी बहुतेक दिवस अंगणातच, फाटकाकडे तोंड करून असते. कॅमेरा चालू राहिला तर हे बाहेर पडल्यावर कुठे वळले तेवढं तरी कळेल, असं त्यांचं म्हणणं. डावीकडे बसस्टँड आहे, उजवीकडे जुन्या खाणीचं तळं. म्हणून ज्याला किल्ली लागत नाही तो फ्यूज निवडला.

१९ मार्च

काका आज दुपारी निसटले. कार्ड लॅपटॉपला लावलं, तर फाटकातून डावीकडे वळलेले स्पष्ट दिसले. स्टँडवर प्रवाशांना रांगेत उभं करून दरडावत होते! काकूंनी मला मिठी मारली. आता दुपारी निवांत डोळा लागतो गं, म्हणाल्या. तुझा कॅमेरा आहे ना.

२७ मार्च

बॅटरी उतरली. गाडी ढिम्म हलेना. नमुने आणायला उशीर झाला, साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की पाणी तपासता की बॅटरीत भरता. संध्याकाळी वायर काढून वायपरच्या फ्यूजला जोडली. मीटर लावून पाहिलं: किल्ली बंद, शून्य. किल्ली चालू, पूर्ण दाब. काम चोख झालं.

कॅमेरा आता अंगणात बंद असतो, हे काकूंना सांगायला हवं. पण त्या ओट्यापाशी गुणगुणत मटार सोलत होत्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच निर्धास्त दिसल्या. उद्या सांगेन.

२ एप्रिल

काका गेले. म्हणजे दुपारी फाटकातून गेले. मी ऑफिसातून आले तर काकू अनवाणी रस्त्यावर. कार्ड बघ, कुठे वळले ते बघ, एवढंच म्हणत होत्या.

गाडीत जाऊन बसले. कार्डावर काहीच नसणार हे मला माहीत होतं. नुसतं खरं सांगायचं होतं. काकू काचेला नाक लावून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि माझ्या तोंडून निघालं: डावीकडे.

मागच्या वेळी डावीकडेच गेले होते. मला खरंच तसं वाटलं. पण वाटणं आणि पाहणं यांतला फरक शोधण्याचाच तर मी पगार घेते.

सगळे डावीकडे धावले.

५ एप्रिल

स्टँड, हमरस्ता, पुढची गावं. पोलिसांनी चित्रण मागितलं. त्यावर नवं चित्रण चढलं, जुनं पुसलं गेलं, असं सांगितलं. हे दुसरं खोटं. प्रयोगशाळेत मी कधी एक आकडा सोयीने फिरवलेला नाही.

तळ्याकडे कोणीच गेलेलं नाही. जायचं कारणच काय? मी पाहिलंय ना.

आज गाडी सुरू केली तर घंटा वाजली. शेजारी कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजते ती. सीट रिकामी होती. टिंग टिंग. माझी वायर कुठे तरी चिकटली असेल.

७ एप्रिल

सॉकेट काढलं. वायरी काढल्या. फ्यूज जसेच्या तसे लावले. घंटा वाजते. दोनदा, मग थांबते. मग दोनदा.

कॅमेरा उतरवताना कार्ड बघितलं. दोन तारखेचं चित्रण आहे. दुपारचं. किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स ऑफिसात, सॉकेट मेलेलं — तरी आहे. काका फाटक उघडतात. थबकतात. कॅमेऱ्यात बघतात, जणू कोणी विचारलंय कुठे. मग उजवीकडे वळतात.

आता दाखवलं तर पाच दिवस काय केलं, हे विचारतील. उद्या सांगते. नक्की.

९ एप्रिल

शेजारची सीट ओली. काचा बंद होत्या. पुसली, परत ओली. शेवाळाचा वास. कापसाने टिपून बाटलीत पिळलं, ऑफिसात तपासलं. खाणीच्या तळ्याच्या जुन्या नमुन्याशी सगळं जुळतं.

अहवाल लिहिला नाही.

१० एप्रिल

बॅटरीची तार सोडवली. तरी वाजते. अंगणातून ऐकू येते. काकू म्हणाल्या, तुझी गाडी का गं सारखी — मी म्हटलं, बिघडलीय.

११ एप्रिल

काकू आज आपणहून गाडीत बसल्या. त्याच सीटवर. मला परत एकदा हे गेले त्या रस्त्याने ने, म्हणाल्या. हात सीटवर टेकला, ओला तळवा नाकाशी नेला. कितीतरी वेळ तसाच. मग उजवीकडे बघितलं, तळ्याकडे.

बॅटरी सुटलीय, आज जमणार नाही, मी म्हटलं. बरं, म्हणाल्या. उद्या ने. तू म्हणशील तिकडे जाऊ. तू बघितलंस ना त्यांना, म्हणून माझा तुझ्यावर —

वाजतेय. किल्ली इथे माझ्या मुठीत आहे. तार सुटलेली आहे. दोनदा. थांबली. काकू पायरीवर बसून ऐकतायत, त्या ओळखतात ती बेल, त्यांना कळलंय की मी —

उद्या: फाटकातून उजवीकडे वळणे.