तळ्यावरची जोड

मूर्तिजापूर, श्रावण शुद्ध ५, शके १७८६

तीर्थरूप दादाच्या पायाशी धाकट्या जानरावाचा दंडवत. वि. वि.

सूनबाई माणिकले सातवा लागला, आपला भगवंत बाप होईल, वाचून आनंद झाला. पण पाय सुजले म्हणता, त्याचा घोर लागला. दोन लेकरं पोटातच गेली, हे तरी हाती लागो. तुमी हसान, पण रीत मोडली ते माह्या मनातून जात नाही. आपल्या घरची नवरी आधी तळ्यावरची सारसाची जन्माची जोड पाहते, मंग उंबरा ओलांडते. तुमी कापसाच्या गाड्या भरायच्या घाईत पोरीले सरळ अमरावतीले नेलं. विलायतेत भाव चढला म्हणून सारस काय पळून जात होते?

आता तिले येववत नाही, तर जोडच तिच्याकडं धाडतो. कापसाची रानं पाहायले एक साहेब आला हाय. त्याच्यापाशी तसबिरीची पेटी हाय, तिच्यात जोड उतरवून घेतो. काचेवर औषध लावते अन् काळ्या तंबूत शिरते. मादी अंड्यावर बसली हाय, नर राखण करून राहिला. माणिकले म्हणा, तसबीर पाहूनच बाळंतीण होजो.

माया हाय तशीच राहू द्या.
जानराव

मूर्तिजापूर, भाद्रपद शुद्ध २

तीर्थरूप दादास दंडवत. वि. वि.

तसबीर गाडीवाल्यासंगं धाडली. ती माणिकले द्या, हे पत्र दाखवू नका.

पाखरू हललं की काचेवर नुसता धूर उमटते. चार काचा वाया गेल्यावर साहेब म्हणे, गोळी घालतो अन् काठी टेकवून उभं करतो. मी आडवा आलो. म्हटलं, मारू नका, मी बांधून देतो. गाय दोहताना पाय बांधतो, तेवढंच मले वाटलं. सुताची मऊ दोरी घेऊन घरट्यापाशी फास मांडला. मादी अंडी सोडून उडली नाही, म्हणून सापडली. तसबीर निघेपर्यंत उभी राहिली, मंग असा हिसका मारला की पायच मोडला. दुसऱ्या दिवशी मेली. दादा, या हातानं मी जोड फोडली. नर तिथंच उभा हाय, हाका मारते, चरत नाही.

तुमचाच,
जानराव

अमरावती, राजापेठ, भाद्रपद वद्य ८

चिरंजीव जानरावास शेषरावाचे आशीर्वाद.

माणिक गेली. पोरगा झाला, तो हाय. दाईनं लई जीव टाकला, पण ताप उतरला नाही.

तसबीर उशाशीच होती. मादी साफ दिसते, नराचा धूर. शेतकऱ्याची लेक ती; मादीच्या पायाले काय हाय म्हणून मले विचारलं. मी गवत म्हटलं. तिनं तसबीर उलटी ठेवली.

तुह्यावर राग हाय, खोटं बोलत नाही. पण आता भगवंताचं पाहायचं हाय. तुहं पत्र त्याच्या हाती लागलं. तवापासून पोराले जवळ घेत नाही, अन्नाले शिवत नाही. रोज एकच विचारते, नर चरून राहिला का म्हणून. तिकडं काहीही असो, तू ‘नर चरून राहिला’ असंच लिही. टपाल तोच फोडते.

शेषराव

मूर्तिजापूर, भाद्रपद वद्य १३

चिरंजीव भगवंतरावास काकाचे अनेक आशीर्वाद.

नर काल पाण्यात उतरला. एक बेडूक धरला, कमळाची दांडी उपटून खाल्ली. आज सकाळीही चरून राहिला होता, मी माह्या डोळ्यानं पाहिलं. तूही दोन घास खा बाबू, अन् पोराले मांडीवर घे.

पाहायले मात्र इतक्यात येऊ नको. तळ्यावर चिखल लई हाय.

काकावर लोभ ठेव.
जानराव