कोपऱ्यावर सैल सोडलेली तार

आई, गेल्या आठवड्यात आमच्या कंपनीत नवीन लागलेली एक मुलगी मला विचारत होती, "मॅडम, मोटार भरताना मशीन प्रत्येक कोपऱ्यावर तार जरा सैल सोडतं. हे कुठून आलं? कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, "जुन्या एका प्रयोगातून आलंय." तिने ते वहीत लिहून घेतलं आणि गेली. जुना प्रयोग! तुझ्या हाताला मी हे नाव दिलं आणि माझी जीभ जराही अडखळली नाही. घरी आले, जेवले, भांडी घासली, आणि मग लक्षात आलं की तू गेल्याला पंधरा वर्षं होऊन गेली, पण त्याच्याही आधीपासून मी तुझ्याशी सरळ असं काही बोललेलेच नाही. फोटोला हार घालते, तुझ्या आवडीचं सुकट करते, पानात वाढते. बोलायचं तेवढं राहून जातं. तसं ते राहावं अशीच माझी सोय असणार.

वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तो लांबट गाळा मला अजून वासानेच आठवतो. तापलेल्या वार्निशचा वास, तो तुझ्या पदराला यायचा, केसांना यायचा, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच आयांना तो येतो. आपल्या कामण गावाहून सकाळच्या टेम्पोने तुम्ही आठजणी निघायच्या. पंपांच्या आणि पंख्यांच्या मोटारी भरायच्या, म्हणजे लोखंडी कड्याच्या खाचांतून तांब्याची बारीक तार हाताने फेऱ्यावर फेरे देत बसवायची. शाळेला सुट्टी असली की तू मला सोबत न्यायचीस. मी खाली पुठ्ठ्यावर बसून उरलेल्या तारेच्या बांगड्या करायचे आणि तुझे हात बघायचे. तुम्हा सगळ्यांचेच हात चालायचे, पण तुझ्या मोटारीवरून शेठ बोट फिरवून बघायचा आणि काही न बोलता पुढे जायचा. ती त्याची शाबासकी. इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला तेव्हा तुम्ही आठजणींनी मिळून मला कॅल्क्युलेटर आणला होता. शेजारच्या काकीने तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आता तू हिशोब कर, बाय. आमी नुसते फेरे मोजतो." सगळ्या हसल्या. मीही हसले.

मी शिकून बाहेर पडले आणि एका कंपनीत कॉम्प्युटरवर मोटारींची नक्कल करायला लागले. म्हणजे मोटार न बनवताच ती किती तापेल, कुठे तापेल, ते आधी कॉम्प्युटरमध्ये बघायचं. तुला मी हे तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा तू म्हणालीस, "मंग ती फिरते का?" नाही फिरत, म्हटलं, की तुझा चेहरा पडायचा. त्याच सुमाराला विजेवर चालणाऱ्या स्कूटरी नव्याने निघाल्या होत्या आणि तुमच्या शेठला त्यांच्या मोटारी भरायचं काम मिळालं. पहिल्या खेपेतल्या बऱ्याच परत आल्या, तू भरलेल्या तेवढ्या टिकल्या. पुलाच्या चढावर दोन माणसं बसली की मोटार जळायची. तार खाचेत सैल बसली तर आत हवा राहते, उष्णता बाहेर पडत नाही. घट्ट ओढली तर खाचेच्या कोपऱ्यावर घासून तारेवरचं वार्निश निघतं आणि आतल्या आत तार तारेला लागते. शेठने मला बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता, आई, तसा असता तर हे पत्र सोपं झालं असतं. तो म्हणाला, "बेटा, हे काम गेलं तर गाळ्याला कुलूप लावायला लागेल. आणि जमलं तर मोटारी भरायचं मशीन घेऊ, बँक तयार आहे." बोलण्याच्या पहिल्या भागाने मी घाबरले आणि दुसरा भाग नीट ऐकलाच नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. मशीन आल्यावर आठ बायका काय करणार, एवढं कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

तीन आठवडे मी नोकरीवरून सुटले की गाळ्यावरच्या पोटमाळ्यात बसायचे. लोडशेडिंगने वीज गेली की अर्धवट झालेला हिशोब पुसला जायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. तार अमुक ताणाने ओढली तर खाचेत कशी बसेल, ते कॉम्प्युटर दाखवायचा; मी ताण वाढवला की वार्निश निघायचं, कमी केला की मोटार तापायची. मधली वाट सापडेना. माणसाचा हात हे नेमकं कसं साधतो ते मोजल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. म्हणून एका सोमवारी मी रजा घेतली आणि ताण मोजायचं यंत्र आणलं. तार त्याच्यातून जायची आणि तुम्ही ओढाल तशी कॉम्प्युटरवर रेघ उमटायची. सगळ्यांनी एकेक मोटार भरायची, मग ती कापून आत तार कशी बसलीये ते बघायचं. अहवालात कुणाचं नाव नको म्हणून मी तुम्हाला खुर्चीचे नंबर दिले. तू सात नंबर.

सकाळभर रेघा आल्या त्या सगळ्या सारख्या. सपाट, आळशी. मी लहानपणापासून बघितलेला काकीचा हात असा चालत नाही, हे मला दिसत होतं. काकी यंत्राकडे बघत बघत एकेक फेरा घालत होती आणि मधेच मला विचारत होती, "ठीक हाय ना गो, मॅडम?" मॅडम! जिने माझ्या उवा काढल्या होत्या ती. तूसुद्धा तशीच भरलीस, मान खाली घालून, माझ्याकडे न बघता. तुझी मोटार कापली तर आत तार टोपलीत टाकल्यासारखी सैल. मी ती बाजूला ठेवली.

दुपारी सगळ्या डबे घेऊन बाहेर बदामाच्या झाडाखाली गेल्या. तू हात धुवून निघालीस तेव्हा मी तुला थांबवलं. कॉलेजात गेल्यापासून मी तुला आई म्हणायला लागले होते, बाकीच्या मुलींसारखं. त्या दुपारी म्हटलं, "आये, मना एकदा दाखव ना. माझ्या हातानं जमत नाय." आणि तुझ्या खुर्चीशेजारी खाली पुठ्ठ्यावर बसले. तू दाराकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मग हसलीस. किती दिवसांनी हसली होतीस! तार घेतलीस आणि भरायला लागलीस, आणि तुझा आवाज मला आत्ताही ऐकू येतोय: "बग बाय, सरल जाते तवा वढ. आनि कोपरा आला का जरा जीव सोड. तारंला पन वलायला टाइम लागतो. वलली का परत वढ." यंत्र चालूच होतं. कॉम्प्युटरवर तुझी रेघ चढत होती आणि प्रत्येक कोपऱ्यावर अलगद खाली येत होती, पुन्हा चढत होती. इतका वेळ मी एकच ताण शोधत बसले होते, आणि तुझ्या हातात एक ताण कधी नव्हताच. मोटार पूर्ण झाली तेव्हा तू ती माझ्या मांडीवर ठेवलीस आणि डबा न खाताच पुढच्या कामाला बसलीस, कारण जेवणाची सुट्टी संपली होती.

ती रेघ मी कॉम्प्युटरमध्ये घातली आणि सगळं जुळलं. मशीन बनवणाऱ्यांकडून त्याच आकड्यांवर दहा मोटारी भरून घेतल्या, चढावर चालवल्या, एकही जळली नाही. मग त्यांनी ते आकडे आपल्या मशीनमध्ये कायमचे भरले. पावसाळ्यानंतर मशीन आलं. दिवाळीआधी सहा जणींना शेठने मिठाईचा डबा देऊन घरी पाठवलं. वायरी जोडायला दोघींना ठेवलं, त्यात तू. काकीला ठेवलं नाही. मला माझ्या कंपनीत बढती मिळाली आणि पुढे पुण्याला चांगली नोकरी, त्या अहवालाच्याच जोरावर.

कामणमध्ये गोष्टी लपत नाहीत. मशीनमध्ये सात नंबरचा हात आहे आणि त्या खुर्चीवर कोण बसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी भांडायला आलं नाही, आलं असतं तर बरं झालं असतं. काकीच्या आणि आपल्या घरात एकच कुंपण, त्यावरून वाटीभर काहीतरी इकडून तिकडे रोज जायचं, ते बंद झालं. हळदीकुंकवाला तुला बोलावणं यायचं, पण तू गेलीस की बोलणं थांबायचं. तू जायची बंद झालीस. टेम्पोत तुम्ही दोघीच उरलात, आणि ती दुसरी पुढे ड्रायव्हरशेजारी बसायची. वर्षभराने तू कामच सोडलंस. मी पुण्याहून आले तेव्हा तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, "ठेवलं होतं ना तुला, मग का सोडलंस?" तू मला कधी टाकून बोलली नव्हतीस. त्या दिवशीही आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, "त्या मशीनचा आवाज आयकलास का? कोपऱ्यावर थांबतो. माज्यासारका थांबतो. मी त्याच्यासमोर बसून जेवू कशी?"

मग भाकरी उलटताना पाठमोरीच म्हणालीस, "मशीन येनार म्हनून सगल्यांनी ठरवलेला, हलू भरायचा. मी पन हो बोललेली. सकालभर धरला मी हात. मंग तू येऊन बसलीस. तू समोर असताना खोटा काम कसा करनार? माजाच हात नाय थांबला. माजीच चूक." मी तिथेच बसले होते, पाटावर. तुला काहीतरी सांगायची ती वेळ होती. मी म्हटलं, "जाऊ दे ना आई, झालं ते झालं." आणि तू मान हलवलीस, जणू मी तुला माफ केलं होतं.

पुढची चार वर्षं तू ती चूक उराशी धरून काढलीस. काविळीने गेलीस तेव्हा काकी आली. तुझी शेवटची आंघोळ तिनेच घातली, तुझे हात तिने नीट पुसले, बोटं सरळ केली. मी तिला चहा दिला तर म्हणाली, "नको." एवढंच. मला त्या क्षणी तिच्या पाया पडून सगळं सांगावंसं वाटलं होतं. पण गाव भरलं होतं, मला रात्रीच्या गाडीने परतायचं होतं, आणि भेकड माणसाला कारणं काय, शोधावी लागत नाहीत.

तर ऐक. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तर लिहिता येतंय. त्या सोमवारच्या आदल्या संध्याकाळी काकी मागच्या दाराशी आली होती. तुम्हाला वाटलं मी न्हाणीघरात आहे. मी त्याच दाराआड दोरीवरचे कपडे काढत होते. हळू भरायचं, पोरीला कळू द्यायचं नाही, हे तुमचं सगळं बोलणं मी ऐकलं. तू "हो" म्हणालीस तेही. सकाळी टेम्पोत तुझ्या शेजारी बसून मी विचार करत होते की माझ्या आईकडून खरं काम कसं करून घ्यायचं, आणि मला ते माहीत होतं. बाकीच्यांना जेवायला जाऊ द्यायचं, खाली पुठ्ठ्यावर बसायचं आणि तुला आये म्हणायचं. ते वाक्य मी मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं होतं.