पाव की पाच

हे लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल घरच्या सर्वांची, आणि आधी थोरल्या मुलीची, माफी मागतो. दोनदा वकिलांची वेळ घेतली आणि दोनदा आयत्या वेळी मीच ती रद्द केली.

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, शिक्षण सातवीपर्यंत, धंदा कापडाला रसायनं लावून फिनिशिंग करण्याचा, हा कागद कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. "काका, काळजी करणं सोडलं तर तुम्हाला दुसरा आजार नाही," असंही ते म्हणाले. ते दाखल्यात नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नीस. ती असेपर्यंत "आता हे विकू या" म्हणून कुणी तिला भंडावू नये. कुणी म्हणजे कोण, ते धाकट्या मुलाला कळेल.

२. कारखाना मुलगी आणि मुलगा यांना निम्मा-निम्मा. पण टाकीत काय आणि किती पडेल, याचा शेवटचा शब्द मुलीचा. धाकट्याने रुसू नये. त्याने टॉवेलांना सॉफ्टनर इतका पाजला की ते पाणीच टिपत नाहीत. अंग पुसायचं की नुसतं कुरवाळून घ्यायचं? शर्टाच्या कापडाचंही तेच. धागे इतके गुळगुळीत की शिवणीपाशी सरकतात. समोरच्या शिंप्याने आणून दाखवलं, तर मुलगा म्हणाला, "बाबा, गिऱ्हाईक हात लावून घेतं. लोकांना मऊ हवंय." मी म्हणालो, "मग लोणी विक!" तेव्हापासून आमचं बोलणं जेवणापुरतं आहे. मऊपणा दुकानात कळतो, टिकाऊपणा धुण्यात. चाळीस वर्षं हेच सांगून तोंड दुखलं.

३. कापड फाडून ताकद बघायचं यंत्र धाकट्यास. त्याने ते कधी चालवलेलं नाही. धूळ पुसताना तरी हात लागेल.

४. मिश्रणांची वही थोरल्या मुलीस. हे कलम लांबलं, असं वकिलांना वाटतं. वाटू दे.

अकरा वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या चादरींचं काम आलं. चुण्या पडू नयेत म्हणून एक रसायन, आणि ते सुती कापडात बसावं म्हणून थोडं आम्ल, असं नवं मिश्रण मी वहीत लिहून दिलं. आम्ल टाकीला पाव किलो. मुलगी वही घेऊन आली. "बाबा, पाच किलो? एवढं आम्ल?" मी वहीकडे न बघताच ओरडलो, "लिहिलंय ते कर. धंदा मी तुला शिकवलाय की तू मला?" तिने पाच किलो घातलं. भट्टीत कापड तापलं आणि आम्लाने ते आतून खाल्लं. वरून सॉफ्टनर होता, म्हणून हाताला मात्र छान लागलं. पहिल्याच धुण्यात चादरी उभ्या फाटल्या. सगळ्या कामगारांसमोर मी तिला अडाणी म्हणालो. ती त्याच दिवशी निघून गेली, ती परत कारखान्यात आली नाही.

आठवड्याने वही उघडली. माझ्या 'व'ची गाठ नीट बंद झालेली नव्हती. मीसुद्धा ते 'पाच' असंच वाचलं. अडाणी मी होतो. हे मी कुणाला, पत्नीलाही, सांगितलं नाही. आज साक्षीदारांसमोर लिहून देतो: चूक माझी, तिची नाही. हे वाक्य धाकट्याने कारखान्यात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावं. पुटपुटू नये.

५. मला शेवटी गुंडाळाल ते कापड कोरं असावं. सॉफ्टनर लावलेलं नको.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: १९ मार्च २०२४
सही (वाकडी आली, पण माझीच आहे)

साक्षीदार:
१. समोरचा शिंपी (सही)
२. शेजारच्या निवृत्त शिक्षिका (सही)

थोरलीस,
वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायचं असतं, त्याला उत्तर मागायचं नसतं. पण मेल्यावर मागितलेल्या माफीचं काय झालं, ते मला कोण सांगणार? म्हणून ही प्रत आजच तुला धाडतो. कारखान्यात यायचं की नाही, ते सावकाश ठरव. माफ केलंस का, तेवढं लवकर कळव. नाही म्हणालीस तरी चालेल, पण कळव. दुपारी फोन कर, सकाळी धाकटा फोन अडवून बसतो. नंबर तोच आहे.